हिरवट वायूची राखण

पहाटे साडेपाचला गावच्या पाण्याच्या टाकीखाली एक माणूस प्लास्टिकच्या बादलीत पांढरी पावडर कालवत असतो. नाकाला उपरणं घट्ट बांधलेलं, वारा पाठीवर घेतलेला. काठीने ढवळायचं, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची. मग निदान अर्धा तास थांबायचं आणि तेव्हा कुठे व्हॉल्व्ह उघडायचा. सातारा जिल्ह्यातलं हे गाव. सरकारी कागदावर या माणसाचं पद ‘जलसुरक्षक’. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात.

मी गेलो त्या दिवशी खालच्या आळीतली एक बाई कमरेवर हंडा घेऊन वर आली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, “नाना, आज पाण्याला लईच वास मारतोय बघा.”

“मारू दे वैनी,” नाना म्हणाले. “वास हाय म्हंजी औषध हाय.”

ज्या वासाबद्दल ही बोलाचाली चालली होती तो क्लोरीनचा. हाच वास पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५च्या संध्याकाळी, बेल्जियममधल्या इप्र गावाजवळच्या खंदकांत शिरला आणि माणसं गुदमरून मेली. हाच वास २०१०च्या पावसाळ्यात एका पहाटे मुंबईच्या शिवडीत पसरला. या वायूच्या मागे गेलं वर्षभर मी हिंडतो आहे, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावासा वाटला आहे: हा कुणाच्या ताब्यात आहे? रात्री-अपरात्री त्याच्याकडे बघणारं कोण आहे?

आधी त्या पावडरीचं सांगतो. खेड्यापाड्यांत तिला ‘टीसीएल’ म्हणतात. म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू नेला की चुना तो धरून ठेवतो, हे ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९मध्ये पेटंट करून घेतलं. तेव्हा कामाला आली ती कापड गिरण्यांच्या, सूत पांढरं करायला. तोवर कापड आठवडेच्या आठवडे कुरणात उन्हात पसरून ठेवावं लागे. उष्ण देशांत ही पावडर लवकर निकामी होते म्हणून तिच्यात जादा चुना घालतात. नावातलं ‘ट्रॉपिकल’ त्याचं. ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे ३३ टक्के क्लोरीन उपयोगाला येतो. पण गोणीचं तोंड उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की हा क्लोरीन गुपचूप उडून जातो. उरतो तो नुसता चुना. दिसायला तशीच पांढरी पावडर, वजनही जवळपास तेवढंच. महाराष्ट्रात पावडरीचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात आणि त्यात क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती वापरायची नाही, असा दंडक आहे. नानांनी त्यांची गोणी मला दाखवली. जमिनीला टेकू नये म्हणून फळीवर ठेवलेली, आतली प्लास्टिकची पिशवी सुतळीने आवळलेली. “म्या सोडून कुणी हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले.

उलट उदाहरणंही पाहिली. एका ग्रामपंचायतीच्या खोलीत झेंड्याची काठी, मोडक्या खुर्च्या आणि निवडणुकीच्या जुन्या पेट्या यांच्यामागे तीन गोण्या भिंतीला टेकून होत्या. भिंतीला ओल आलेली. नोंदवहीत रोज ‘टीसीएल टाकली’ असं लिहिलेलं, आणि ती नोंद खरीच असणार. पावडर रोज टाकली जात होती, फक्त तिच्यात काही उरलेलं नव्हतं.

याची किंमत काय असते ते पुण्याने जानेवारी २०२५मध्ये पाहिलं. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या आसपास गेला. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. पाण्याचे नमुने तपासले तेव्हा काही ठिकाणी क्लोरीनचा अंशच मिळाला नाही. नळाला पाणी येत होतं, स्वच्छही दिसत होतं.

भारतीय मानकाप्रमाणे निर्जंतुक केलेल्या पाण्यात, ते घरच्या नळाला पोचेल तेव्हा, लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. चिमूटभर सोडा, चिमटीच्या टोकावरही दिसणार नाही इतका. तेवढा अंश कॉलरा, विषमज्वर आणि जुलाबाच्या बहुतेक जंतूंना पुरतो. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात २६ सप्टेंबर १९०८पासून डॉ. जॉन लील यांनी क्लोरीन घालायला सुरुवात केली, तीही कुणाला फारसं न विचारता. प्रकरण कोर्टात गेलं. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात तुम्ही विष कालवता, असा सवाल त्यांना तिथे झाला. न्यायालयाने अखेर त्यांची बाजू मान्य केली आणि थोड्याच वर्षांत शहरामागून शहराने हीच वाट धरली. नानांच्या बादलीतली निवळी ही त्याच खटल्याची नात.

या वायूचा स्वभाव मला एका रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षकांनी समजावून सांगितला. त्यांच्या शब्दांत, ‘हा इलेक्ट्रॉनला हपापलेला आहे’. समोर जे येईल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा हा त्याचा धर्म, म्हणूनच तो कडक ऑक्सिडीकारक. जंतूची पेशी असो, कापडाचा रंग असो, लोखंड असो की माणसाचं फुफ्फुस, त्याला भेद नाही. तो इतका चिकटू असल्यामुळे निसर्गात मोकळा क्वचितच सापडतो. सोडियमशी बांधला जाऊन मिठाच्या रूपात समुद्रभर पडलेला असतो. १७७४मध्ये कार्ल शेले यांनी तो पहिल्यांदा मोकळा केला, पण आपण नवं मूलद्रव्य हाती घेतलं आहे हे त्यांना कळलं नाही. ते १८१०मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी सांगितलं आणि रंगावरून ग्रीक नाव दिलं. रंग म्हणजे पिवळट हिरवा. जून झालेल्या पोपटी पालवीसारखा म्हणावा, पण पालवीकडे बघून जे वाटतं ते याच्याकडे बघून वाटत नाही.

तो हवेच्या अडीचपट जड. गळला की वर उडून जात नाही. पाण्यासारखा उताराने वाहतो, खड्ड्यांत, गटारांत, तळघरांत साचतो. उणे ३४ अंश सेल्सियसला त्याचा द्रव होतो. साध्या तापमानालाही दाब दिला की द्रव होतो, आणि सिलिंडरमध्ये भरलेला असतो तो हा द्रव. एक लिटर द्रव बाहेर आला की त्याचा जवळपास साडेचारशे लिटर वायू होतो. सिलिंडर गळला तर नेमकं काय होणार, हे या एका आकड्यात आहे.

श्वासातून आत गेला की नाक-घसा-फुफ्फुसांच्या ओल्या आवरणात तो विरघळतो आणि तिथेच त्याची आम्लं तयार होतात. हवेच्या दहा लाख भागांत एकाहूनही कमी असतानाच बहुतेकांना वास येतो. तीसच्या आसपास गेला की खोकल्याची उबळ, उलटी, छाती आवळणं. हजाराच्या घरात गेला तर काही खोल श्वास पुरतात. सगळ्यांत फसवं असतं ते मधलं प्रमाण. माणूस बाहेर येतो, तोंड धुतो, ‘बरं वाटतंय’ म्हणून घरी जातो आणि काही तासांनी त्याच्या फुफ्फुसांत पाणी भरू लागतं. क्लोरीनवर उतारा नाही. ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळी करणारी औषधं आणि देखरेख, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. म्हणून गळतीत सापडलेल्याला, तो ठीक दिसत असला तरी, काही तास दवाखान्यात नजरेखाली ठेवायला हवं. हे ज्याने त्याने आपल्या घरच्यांना आजच सांगून ठेवावं असं मला वाटतं.

दिवाळीच्या साफसफाईत उपयोगी पडेल म्हणून इथेच एक सांगतो. संडास-मोरी घासायला घरात ‘ॲसिड’ असतं, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. फरशी-कपड्यांसाठी ब्लीच असतं, किंवा ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र ओतलं तर जास्त स्वच्छ होईल असं वाटतं. पण दोन्ही एकत्र आली की त्यातून क्लोरीन मोकळा होतो, आणि दार लावलेल्या चार बाय चारच्या मोरीत तो जाणार कुठे? घासणारी बाई खाली बसलेली असते आणि जड वायूही खालीच असतो. कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात या दोन बाटल्या देताना हे त्यांना सांगितलंच पाहिजे.

आता शिवडी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हाजी बंदराच्या आवारात क्लोरीनचे शंभराहून जास्त सिलिंडर पडून होते. १९९७पासून. परदेशातून आलेला माल, कुणी सोडवून नेला नाही. समुद्राची खारी हवा आणि तेरा पावसाळे त्या पोलादावरून गेले. १४ जुलै २०१०च्या पहाटे त्यातल्या एका सिलिंडरमधून वायू सुटला. आसपास झोपलेली माणसं, बंदराचे कामगार, जवळच राहणारे विद्यार्थी आणि गळती थांबवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान मिळून शंभराहून अधिक लोक रुग्णालयात पोचले. मी त्या बातम्या पुन्हा काढून वाचल्या तेव्हा मला अडवलं ते ‘१९९७पासून’ या शब्दाने. तेरा वर्षं रोज कुणी ना कुणी त्या सिलिंडरांशेजारून गेलं असणार. वहीत त्यांची नोंदही असणार, जशी त्या ओलसर खोलीतल्या गोण्यांची होती. गोणी बेवारस राहिली तर तिच्यातलं औषध मरतं, आणि सिलिंडर बेवारस राहिला तर त्याच्यातलं विष जिवंत होऊन बाहेर येतं.

सिलिंडर धोक्याचा होतो तो नेमका कशाने? याचं उत्तर मला गुजरातच्या किनाऱ्यावरच्या एका कॉस्टिक कारखान्यात मिळालं. कोरडा क्लोरीन आणि साधं पोलाद यांचं नीट जमतं, वर्षानुवर्षं जमतं. पण ओल शिरली की तोच क्लोरीन पोलाद खात सुटतो. म्हणून कारखान्यात वायू गंधकाम्लातून नेऊन आधी कोरडा करतात. सेलमधून निघणाऱ्या ओल्या वायूसाठी टायटॅनियमचे पाइप लागतात. आणि गंमत नव्हे, भीती अशी की हेच टायटॅनियम कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेतं. ओल्याला टायटॅनियम, कोरड्याला पोलाद. अदलाबदल झाली तर आगच. पोलादही सुमारे अडीचशे अंशांपुढे क्लोरीनमध्ये जळू लागतं, ऑक्सिजन नसताना. म्हणून क्लोरीनच्या लाइनवर वेल्डिंगची ठिणगी पडू देत नाहीत, आणि ग्रीस लागलेला पाना कुणी तिथे नेत नाही.

कारखान्याचं खरं काम मात्र दिसायला अगदी शांत. मिठागरांतलं मीठ पाण्यात विरघळवून दाट ब्राइन करायचं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून टाकायचं आणि ते सेल हाउसमध्ये पाठवायचं. लांबच लांब रांगांनी सेल उभे, प्रत्येकाला जेमतेम तीन व्होल्ट, पण प्रवाह हजारो अँपिअरचा. आत पातळ पडद्यासारखं मेम्ब्रेन असतं. त्याच्या एका बाजूला क्लोरीन सुटतो, दुसऱ्या बाजूला कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन. मेम्ब्रेनला टाचणीएवढं भोक पडलं आणि हायड्रोजन क्लोरीनमध्ये मिसळू लागला तर स्फोट होऊ शकतो. ब्राइनमध्ये अमोनियाचा अंश राहिला तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचं अतिस्फोटक द्रव्य तयार होतं आणि द्रव क्लोरीनच्या तळाशी साठत जातं. म्हणून तिथला माणूस मिठाच्या प्रत्येक ट्रककडे संशयाने बघतो. पूर्वी मेम्ब्रेनच्या जागी वाहत्या पाऱ्याचा थर असे. तो पारा थोडा थोडा करून नद्यांत आणि हवेत जाई. ते सेल आता भारतातून हद्दपार झाले आहेत, आणि ही या उद्योगातली फार मोठी चांगली गोष्ट आहे.

एक टन क्लोरीन काढायला सुमारे १.७ टन मीठ आणि दोन हजारांहून जास्त युनिट वीज लागते. त्याच्याबरोबर १.१ टन कॉस्टिक आपोआप निघतं. हे ‘आपोआप’ फार महत्त्वाचं आहे. बाजाराला हवं असतं ते कॉस्टिक: ॲल्युमिनियमला, साबणाला, कागदाला, कापडाला. क्लोरीन सोबत येतोच, नको म्हणता येत नाही. कॉस्टिक टाकीत साठवता येतं. क्लोरीन फार काळ साठवून ठेवणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे पीव्हीसी, औषधं, कीटकनाशकं, क्लोरिनेटेड पॅराफिन असे त्याचे वाली शोधावे लागतात. मागणी घसरली की आपल्याकडे कित्येकदा कारखानेच उलट पैसे देऊन तो गिऱ्हाइकाला उचलायला लावतात. पैसे देऊन ज्याला घराबाहेर काढावं लागतं तो माल पुढे कुठे, कुणाच्या आवारात, किती दिवस उभा राहील याची चिंता मला तिथेच लागली. नऊशे किलोचे ‘टनर’ भरून ट्रक बाहेर पडत होते.

इप्रला वापरले गेले ते सिलिंडरही अशाच कारखान्यांतून आलेले. क्लोरीनचा द्रव करून भरायचं तंत्र जर्मन रंग-कारखान्यांनी १८८०च्या दशकाच्या अखेरीस बसवलं होतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी पाच हजारांहून जास्त सिलिंडर खंदकांत पुरून घेतले आणि वाऱ्याची वाट पाहिली. सहा किलोमीटरच्या आघाडीवर दीडशे टनांहून जास्त वायू काही मिनिटांत सोडला गेला. खंदक म्हणजे खोलगट जागा. जड वायू थेट त्यांत उतरला. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर चढाई करत होती आणि वायू तिच्यावरही आला. वायूने बाधलेले असताना जमादार मीर दस्त यांनी आपल्या तुकडीतली माणसं सांभाळली, जखमी अधिकारी उचलून आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मास्क नव्हते, ओली फडकी तोंडाला धरायची, एवढंच होतं. नानांचं उपरणं बघताना मला ती फडकी आठवली आणि नानांच्या हातात साधा मास्क, हातमोजे नसावेत याचा राग आला. ते मिळायला हवेत, या वर्षीच मिळायला हवेत.

राखणीचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एकदा अगदी याच शब्दांच्या जवळ आला होता. दिल्लीत ४ डिसेंबर १९८५ला श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम, म्हणजे जहाल गंधकाम्ल, गळलं. भोपाळच्या वायुकांडाला एकच वर्ष झालेलं. वकील एम. सी. मेहता यांची याचिका न्यायालयापुढे होतीच. त्या आवारात कॉस्टिक-क्लोरीनचा कारखानाही होता आणि तो पुन्हा सुरू करू द्यायचा का, हा प्रश्न होता. फेब्रुवारी १९८६मध्ये न्यायालयाने परवानगी दिली ती अटी घालून. त्यांतली एक अट मला सगळ्यांत शहाणी वाटते: सुरक्षेच्या प्रत्येक साधनामागे एकेक ऑपरेटर नेमायचा आणि त्या साधनाची जबाबदारी व्यक्तिशः त्याची. त्याच्या वर विभागप्रमुख, आणि क्लोरीन गळून कुणी दगावलं तर भरपाईसाठी कंपनीचे अध्यक्ष स्वतः बांधील. पुढे डिसेंबर १९८६च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींच्या घटनापीठाने निरपवाद दायित्वाचं तत्त्व मांडलं, ते कायद्याच्या पुस्तकात प्रसिद्ध आहे. मला मात्र ती आधीची, साधी अट जास्त मोलाची वाटते. प्रत्येक व्हॉल्व्हला एक माणूस. हाजी बंदरातल्या शंभर सिलिंडरांना एकही नव्हता.

गळती झाली तर काय करायचं, ते शिकवणारे एक प्रशिक्षक मला भेटले. ते मोठ्या आवाजात, वर्गात शिकवल्यासारखं बोलतात. पहिली गोष्ट, वाऱ्याकडे बघा आणि वारा आडवा कापत उंचावर जा. दुसरी, गळतीवर पाणी मारू नका. लोकांना वाटतं पाण्याने शमेल. पाण्याने आम्ल होऊन भोक मोठं होतं, वर सिलिंडरला ऊब मिळून वायू आणखी जोरात येतो. टनर आडवा असतो, त्याला दोन व्हॉल्व्ह असतात. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. म्हणून गळती खालच्या बाजूला असेल तर बीए सेट (श्वसनयंत्र) घातलेल्या माणसांनी टनर फिरवून ती वर आणायची. अदृश्य गळती शोधायला अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला बोळा काठीला बांधून सांध्यांजवळून फिरवायचा. जिथे गळती तिथे पांढरा धूर उठतो. तो धूर म्हणजे नवसागर. भांड्यांना कल्हई करताना लहानपणी पाहिलेला तोच नवसागराचा धूर. शेवटी सिलिंडरमधला वायू चुन्याच्या किंवा कॉस्टिकच्या पाण्यात सोडून तिथे जिरवायचा.

“आणि हे सगळं,” ते म्हणाले, “गळती व्हायच्या आधी दहा वेळा करून बघितलं असेल तरच जमतं. मास्क कपाटात कुलूपबंद आणि किल्ली साहेबांकडे, असं असेल तर नाही.” ऑक्टोबर २०२३मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीत जलतरण तलावावर क्लोरीन गळला तेव्हा पोहायला आलेले लोक अत्यवस्थ झाले होते. असे तलाव, असे फिल्टर प्लांट हे सगळं आपल्या रोजच्या रस्त्यांवर आहे.

गावाकडे परत येतो. पावसाळ्याआधी आणि नंतर आरोग्य खात्याचे लोक पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतात आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतात: धोका मोठा असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. नानांच्या गावाला हिरवं आहे. सरपंचांच्या खुर्चीमागे ते फ्रेम करून लावलेलं आहे, नानांचं नाव त्यावर नाही.

सात वाजता आम्ही दोघं गावाच्या शेवटच्या नळावर गेलो. टाकीपासून सगळ्यांत लांब, उतारावरची वस्ती. क्लोरीन वाटेत कुठे संपला असेल तर तो इथे कळतो. नानांनी नळ थोडा वेळ वाहू दिला. मग काचेची नळी धरली, खिशातल्या बाटलीतून ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब टाकले आणि नळी आभाळाकडे करून डोळे बारीक केले. पाणी हळूहळू फिकट पिवळं झालं. त्यांनी पट्टीवरच्या रंगाशी ते जुळवलं, दोनदा, आणि मग वही उघडून तारखेपुढे आकडा लिहिला: ०.२. शेजारी सही केली. समोरच्या घरातली म्हातारी ओट्यावरून विचारत होती, “झालं का रं? भरू का पानी?”

“भरा आज्जी,” नाना म्हणाले आणि नळी झटकून खिशात ठेवली.